नीटचे गुण दर प्रयत्नाला तिथेच अडकतात : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, एकदा देऊन झाली, दुसऱ्यांदा झाली, काहींची तिसऱ्यांदाही. अभ्यासिकेत रोज दहा-बारा तास बसणं चालू आहे आणि तरी ७२० पैकी ४८० च्या आसपासचा आकडा काही सुटत नाही. आकडा ३५० असो की ५६०, दुखणं सारखंच असतं आणि ते तपासण्याची रीतही सारखीच. खाली आधी लक्षणं दिली आहेत, त्यांतली आपली कोणती ते ओळखा. मग तपासण्या आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत आणि फुकटच्यापासून खर्चिकापर्यंत.

हा क्रम मोडू नका. पहिल्या चार तपासण्यांना काही मॉक (सराव पेपर), एक वही आणि थोडे झेरॉक्सचे पैसे लागतात. शेवटच्या तपासणीत अख्खं वर्ष जातं, शिवाय क्लासची फी आणि होस्टेलचा खर्च. नाशिकमध्ये बऱ्याच घरांत सुरुवातच शेवटाकडून होते. निकाल लागला की आठवड्याभरात क्लास बदलतो, कॉलेज रोडवरून गंगापूर रोडवर किंवा थेट दुसऱ्या शहरात. दोष मात्र मुलाबरोबर नव्या क्लासात जातो आणि पुढच्या मे महिन्यात तोच आकडा घेऊन परत येतो.

लक्षणं

- गेल्या सहा-सात मॉकचे गुण वीस-पंचवीसच्या पट्ट्यातच फिरतात. तास वाढवले तरी पट्टा हलत नाही. (तपासणी १ आणि ३)
- फिजिक्स वाढलं की बायोलॉजी घसरतं, बेरीज तीच. (तपासणी ५)
- एकेका चॅप्टरच्या टेस्टला ८५-९० टक्के, पूर्ण पेपरला ६५. (तपासणी ६)
- घरी येऊन तोच पेपर शांतपणे सोडवला की चुकलेल्यांतले पंधरा-वीस प्रश्न कोणी न सांगता सुटतात. (तपासणी ३)
- शेवटच्या वीस मिनिटांत वीसेक प्रश्नांना अंदाजाने गोळे भरले जातात. (तपासणी ४ आणि ५)
- फिजिक्सचं सोल्यूशन वाचलं की कळतं, पण कोरा प्रश्न समोर आला की सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही. (तपासणी ७)
- मॉकला बरे गुण, प्रत्यक्ष परीक्षेत पन्नास-साठ कमी. (तपासणी २, नाहीतर शेवटून दुसरा भाग)

तपासणी १ : आकडा खरंच अडकलाय का?

वेळ अर्धा तास, खर्च शून्य. नीटच्या दोन वर्षांचे गुण एकमेकांशेजारी ठेवून काहीच कळत नाही, कारण पेपरची काठिण्यपातळी बदलते. २०२४ मध्ये सर्वाधिक गुण ७२० होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रता १६२ ला होती. २०२५ मध्ये फिजिक्स कठीण निघालं, सर्वाधिक गुण ६८६ वर आले आणि पात्रता १४४ ला. त्यामुळे २०२४ चे ४८० आणि २०२५ चे ४८० यांत मोठं अंतर आहे. दोन्ही स्कोअरकार्ड काढा आणि ऑल इंडिया रँक आणि पर्सेंटाइल बघा. रँक बरीच वर आली असेल तर अभ्यास योग्य वाटेवर आहे, मोजपट्टी चुकली होती. अशा विद्यार्थ्याने घाबरून सगळी पद्धत बदलली तर हातचंही जातं.

मॉकचंही तसंच. एका मॉकमध्ये वीस-तीस गुण वर-खाली होणं स्वाभाविक आहे. शेवटच्या पाच मॉकची सरासरी काढा, त्याआधीच्या पाचांची काढा आणि या दोन सरासऱ्यांची तुलना करा.

याच अर्ध्या तासात हातातले पेपर कोणत्या पॅटर्नचे आहेत तेही पाहून घ्या. २०२५ पासून १८० प्रश्न, सगळे अनिवार्य आणि वेळ १८० मिनिटं. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९०. त्याआधीच्या काही वर्षांत २०० प्रश्न छापून सेक्शन बी मध्ये पंधरापैकी दहा निवडायची मुभा होती. जुन्या पुस्तकांच्या दुकानात आणि मोठ्या भावंडांकडे अजून तेच संच मिळतात. त्यांवर सराव केला की नकोसे प्रश्न गाळायची सवय लागते आणि खऱ्या पेपरात गाळायला जागा नसते. अभ्यासक्रमही २०२४ च्या परीक्षेपासून बदललेला आहे. सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स, डायजेशन, मिनरल न्यूट्रिशन हे गेलं. फिजिक्समध्ये प्रायोगिक कौशल्यांचं आणि केमिस्ट्रीत प्रॅक्टिकलचं युनिट आलं. गेलेले धडे पाठ करण्यात किती रिपीटर वेळ घालवतात आणि आलेल्या युनिटकडे किती जण ढुंकूनही बघत नाहीत, हे पाहून वाईट वाटतं. त्या वर्षीचा अधिकृत अभ्यासक्रम प्रिंट काढून भिंतीवर लावा.

तपासणी २ : ओएमआर आणि दुपारी दोनची वेळ

मॉक मोबाइलवर देता का? किंवा कागदावर देता, पण उत्तरं पेपरवरच गोल करून मोकळे होता? मग तुमच्या मॉकच्या वेळेत एक काम मोजलंच जात नाही. एका गोळ्याला चार सेकंद धरले तर १८० गोळ्यांना १२ मिनिटं लागतात. घरच्या मॉकमध्ये ही १२ मिनिटं प्रश्नांना मिळतात, परीक्षेत मिळत नाहीत. तेवढ्या वेळात फिजिक्सचे नऊ-दहा प्रश्न होतात.

ओएमआर शीटच्या, म्हणजे गोळे भरायच्या उत्तरपत्रिकेच्या, झेरॉक्स काढून ठेवा आणि प्रत्येक मॉक काळ्या बॉलपेनने त्यावरच द्या. गोळे पानागणिक भरा. एक पान संपलं की तेवढे गोळे, मग पान उलटायचं. सगळे शेवटी भरायला ठेवले की एक ओळ सरकते आणि पुढचे सगळेच सरकतात. शाईचा गोळा खोडता येत नाही आणि एकाच प्रश्नाला दोन गोळे भरले तर उत्तर चूक धरून एक गुण कापला जातो.

दुसरी गोष्ट वेळेची. नीट दुपारी २ ते ५ असते, गेट दीडला बंद होतं. सुरगाणा, कळवण, पेठहून नाशिकच्या सेंटरवर येणारा विद्यार्थी सकाळीच घर सोडतो, जेवण अकराला किंवा नाहीच, आणि मे महिन्याच्या उन्हात रांगेत उभा राहून मग बाकावर बसतो. हाच विद्यार्थी वर्षभर मॉक मात्र सकाळी नऊला, गार हवेत, पोटभर नाश्ता करून देतो. रात्री दोन-तीनपर्यंत जागून अभ्यास करणाऱ्यांची तर दुपारी दोन ते चार ही हक्काची झोपेची वेळ असते. परीक्षेच्या किमान तीन आठवडे आधीपासून सगळे मॉक दुपारी दोनलाच द्या, अकराला जेवून, दीडला फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. रात्री अकराला झोपणं याच दुरुस्तीत येतं. प्रत्यक्ष परीक्षेत पन्नास गुण पडणाऱ्यांपैकी अनेकांचं निदान इथेच होतं.

तपासणी ३ : चुकांची वही

सगळ्यात जास्त गुण इथे सापडतात, म्हणून इथे घाई नको. शंभर पानी वही घ्या. मॉक तपासल्यावर चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात एका ओळीत येईल : तारीख, प्रश्न क्रमांक, चॅप्टर, खूण, कारण. खुणा चारच.

म : माहीतच नव्हतं.
आ : वाचलं होतं, आठवलं नाही किंवा दोन पर्यायांत घोळ झाला.
चु : येत होतं, तरी चुकलं.
वे : वेळ नव्हता, घाईत भरलं किंवा सोडलं.

खूण उत्तरं बघायच्या आधी ठरत नाही आणि सोल्यूशन वाचल्यावर ठरवली तर खोटी ठरते, कारण सोल्यूशन वाचलं की सगळं येत होतं असंच वाटतं. म्हणून मधली पायरी घ्या : फक्त उत्तरतालिकेवरून चुकलेले प्रश्न शोधा, सोल्यूशन न उघडता ते पुन्हा सोडवा. सुटला तर चु किंवा वे. पुस्तकात एक ओळ बघून सुटला तर आ. तरीही नाही सुटला तर म.

कारणाच्या रकान्यात ‘सिली मिस्टेक’ लिहायला मनाई. हात कुठे घसरला ते लिहायचं. एक उदाहरण जवळून बघू. बंद डब्यातल्या वायूचं तापमान २७ अंश सेल्सियसवरून ५४ वर नेलं, दाब किती पट होईल? घाईत डोळ्याला २७ ची दुप्पट ५४ दिसते आणि पर्यायांत २ बसलेलाच असतो. केल्व्हिनमध्ये ते ३०० वरून ३२७ होतं, उत्तर १.०९. कारणाच्या रकान्यात लिहा : ‘सेल्सियस केल्व्हिनमध्ये नेलं नाही’. चार मॉकनंतर हीच ओळ पाच वेळा दिसली की उपायही दिसतो : आकडेमोड सुरू करण्याआधी प्रत्येक आकड्याशेजारी एकक लिहायचं. बायोलॉजीत हीच गत ‘चुकीचं विधान ओळखा’ या प्रश्नांची. पहिलं बरोबर विधान दिसलं की हात गोळा भरतो. तिथे उपाय म्हणजे ‘चुकीचं’ या शब्दाला गोल करून प्रत्येक विधानापुढे बरोबर-चूक लिहिणं. रसायनात मिलिलिटर-लिटर आणि गॅस कॉन्स्टंट ८.३१४ की ०.०८२१ हे दोन घोळ वहीत सतत सापडतील.

आता बेरीज. समजा १३० बरोबर, ४० चूक, १० सोडलेले. गुण झाले ५२० उणे ४०, म्हणजे ४८०. चाळीस चुकांत म ९, आ १२, चु १४, वे ५ असं निघालं. चुकीचा प्रश्न बरोबर झाला तर फायदा पाच गुणांचा असतो, चार मिळतात आणि कापलेला एक परत येतो. चु मधले फक्त निम्मे, म्हणजे सात, सावरले तरी ३५ गुण वाढतात, एकही नवा धडा न वाचता.

नवा अभ्यास फक्त म ला लागतो. आ ला आठवण्याचा सराव लागतो, चु ला पेपर सोडवण्याची शिस्त, वे ला प्रश्नांचा क्रम. रिपीटर विद्यार्थी मात्र चारही खुणांवर एकच औषध घेतो, पहिल्या पानापासून सगळं पुन्हा वाचायचं. तास खूप लागतात, म थोडे कमी होतात, बाकी तीन खुणा जिथल्या तिथे राहतात. आकडा अडकण्याचं सगळ्यात मोठं कारण आमच्या मते हेच आहे.

या कामाला वेळ लागतो. तीन तासांच्या मॉकला वहीसाठी चार तास धरा. तेवढे काढता येत नसतील तर मॉक कमी करा. मार्चपर्यंत आठवड्याला एक, एप्रिलमध्ये दोन, एवढे पुरतात. रोज एक मॉक देऊन नुसता स्कोअर ग्रुपवर टाकणं म्हणजे रोज ताप मोजून औषध न घेणं.

तपासणी ४ : तुक्का फायद्याचा आहे की तोट्याचा, मोजा

‘निगेटिव्ह आहे, येत नसेल तर हात लावू नको’ असं एक सांगतो, ‘काही सोडू नको’ असं दुसरा. दोघांनीही तुमची वही पाहिलेली नसते. गणित असं : बरोबरला अधिक चार, चुकीला उणे एक. पाचांतला एक अंदाज बरोबर आला तर चार मिळाले, चार गेले, हिशोब शून्य. पाचांत एकापेक्षा जास्त जमत असतील तर तुक्का फायद्याचा, कमी जमत असतील तर तोट्याचा. डोळे मिटून चारांतला एक पर्याय निवडला तरी सरासरीने पाव गुण मिळतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दीड.

मग तोटा कुणाला होतो? अर्धवट माहिती असलेल्याला. पर्याय तयार करताना नेहमीच्या चुकांची उत्तरं मुद्दाम ठेवलेली असतात, वायूच्या उदाहरणातला २ तसाच, आणि अर्धवट माहिती बरोबर त्याच पर्यायाकडे ओढते. म्हणून मॉकमध्ये अंदाजाने दिलेल्या प्रत्येक उत्तरापुढे पेपरवर प्रश्नचिन्ह करा. पाच मॉकमधली सगळी प्रश्नचिन्हं मोजा, विषयवार वेगळी. साठ प्रश्नचिन्हांत बारापेक्षा कमी बरोबर निघाली तर त्या विषयात अंदाज बंद. वीसच्या वर निघाली आणि एरवी तुम्ही प्रश्न सोडत असाल, तर सोडणं थांबवा. अनेकांना बायोलॉजीत अंदाज फळतो आणि फिजिक्समध्ये नडतो.

सीईटीचीही तयारी करणाऱ्यांनी इथे जास्त जपावं. एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह नसतं, तिथे एकही प्रश्न सोडायचा नसतो. दोन्ही परीक्षा जवळजवळ येतात आणि सीईटीचा हात नीटला जातो. नीटच्या आधीच्या आठवड्यात फक्त नीटच्या नियमाने पेपर सोडवा.

तपासणी ५ : क्रम आणि घड्याळ

बहुतेकांना सोसणारी वाटणी : बायोलॉजी ४५ ते ५० मिनिटं, केमिस्ट्री ५०, फिजिक्स ६०, उरलेली वीस-पंचवीस मिनिटं सोडलेल्या प्रश्नांसाठी. गोळ्यांची वेळ प्रत्येक विषयात धरलेली आहे. फिजिक्सने सुरुवात करून पहिल्या तासात अडकलेला विद्यार्थी पुढे सोप्या बायोलॉजीत घाईने चुका करतो. ‘फिजिक्स वाढलं की बायो घसरतं’ हे लक्षण तिथून येतं.

एका प्रश्नावर दीड मिनिट झालं आणि वाट दिसत नसेल तर खूण करून पुढे जा. सोडवत आणलेला प्रश्न टाकून देणं जिवावर येतं, खासकरून हुशार मुलांच्या, म्हणून हे मॉकमध्येच अंगवळणी पाडावं लागतं. क्रम बदलायचा तर सलग चार मॉक नव्या क्रमाने देऊन मग ठरवा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा बदलू नका.

तपासणी ६ : वाचलेलं आठवतं का, आणि वाचलं काय होतं?

चॅप्टर टेस्टला ९० आणि पूर्ण पेपरला ६५ याचा अर्थ कालचं वाचलेलं आज आठवतं, तीन आठवड्यांपूर्वीचं नाही. पाचव्यांदा एनसीईआरटी वाचताना सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटणं आणि पुस्तक मिटून सांगता येणं यांत मोठा फरक आहे आणि परीक्षेत सांगता येणंच लागतं. मासिक पाळीचा चॅप्टर घ्या, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर चारही हार्मोन्सचे आलेख काढा : एलएच कुठे उसळतो, प्रोजेस्टेरॉन कधी चढतो आणि ते कोण स्रवतं. पहिल्यांदा अर्धंच येईल. जे आलं नाही तेवढंच लाल पेनने भरा. हाच कागद तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा कोरा काढा. रोजच्या अभ्यासातला दीड-दोन तासांचा वाटा या कोऱ्या कागदांचा असावा.

राज्य मंडळातून आलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अकरावी-बारावीची बालभारतीची पुस्तकं चांगली आहेत, पण नीटचा प्रश्न अनेकदा एनसीईआरटीतल्या वाक्यावरून किंवा आकृतीखालच्या ओळीवरून येतो. बायोलॉजीत ३०० च्या आत अडकलेल्या राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याने एनसीईआरटी फक्त क्लासच्या नोट्समधून वाचली आहे की मूळ पुस्तक उघडलं आहे, हे आधी पाहावं. आकृत्या, तक्ते, धड्याच्या शेवटचा सारांश, सगळं मूळ पुस्तकातून.

पेपर मराठीतून घ्यायचा की इंग्रजीतून, हा प्रश्न फॉर्म भरताना येतो. अकरावीपासून मराठीतून शिकला असाल तरच मराठी घ्या. इंग्रजीतून शिकून, आयत्या वेळी सोपं जाईल म्हणून मराठी घेतली तर पारिभाषिक शब्दच ओळखीचे नसतात. भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरतात.

तपासणी ७ : फिजिक्स अडतंय ते फिजिक्समुळे की गणितामुळे?

पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेताना दहावीनंतर गणित सोडलेल्यांचं फिजिक्स ४० ते ७० गुणांत अडकतं आणि ते पुन्हा पुन्हा फिजिक्सचेच लेक्चर बघतात. तपासायला सोपं आहे. या गोष्टी न अडखळता येतात का : दहाच्या घातांचा गुणाकार-भागाकार, ३०, ४५, ६० अंशांच्या साइन-कोसाइनच्या किमती, व्हेक्टरचे दोन घटक, आलेखाचा चढ आणि आलेखाखालचं क्षेत्रफळ, साधं डिफरन्सिएशन, लॉग, आणि छोट्या बदलाचा अंदाज. शेवटच्याचं उदाहरण : लंबकाची लांबी १ टक्का वाढली तर आवर्तकाल अर्धा टक्का वाढतो, कारण तो लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून आहे. हे दहा सेकंदांत सुचायला हवं. सुचत नसेल तर पंधरा दिवस रोज एक तास फक्त गणित. लेक्चर बंद.

गणित पक्कं असेल तर दुसरा संशय अकरावीच्या मेकॅनिक्सवर. प्रश्न वाचल्यावर फ्री बॉडी डायग्राम न काढता थेट सूत्र शोधायला जाता का? सूत्र शोधणाऱ्याला ओळखीचाच प्रश्न सुटतो. तीस जुने प्रश्न घ्या, उत्तर काढू नका, फक्त आकृती, बलं आणि पहिलं समीकरण लिहा. अडचण सुरुवातीची आहे, तर सरावही सुरुवातीचाच करायला हवा.

प्रायोगिक युनिट स्वस्त आहे. व्हर्नियर आणि स्क्रू गेजचा लीस्ट काउंट, झिरो एररचं चिन्ह, मीटर ब्रिज. दोन दिवसांचं काम.

केमिस्ट्रीबद्दल थोडक्यात : फिजिकलला वरचंच गणित लागू. इनऑरगॅनिकला, म्हणजे पी-ब्लॉक, डी-ब्लॉक आणि कोऑर्डिनेशनला, कोरे कागद. ऑरगॅनिकमध्ये रिॲक्शन सुट्या पाठ केल्या असतील तर त्या एकमेकींत मिसळणारच. आधी इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो ते लिहायला शिका.

तपासणी ८ : घर

ही तपासणी आईवडिलांनी करायची. निफाड, दिंडोरी भागात द्राक्षांची काढणी ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मुलगा शेतावर जात नसला तरी मजुरांचा चहा, पॅकहाउसची फेरी, गाडीवर सोडणं हे त्याच्याकडे येतं. एप्रिलमध्ये लग्नसराई. मुलीकडे तर वर्षभर स्वयंपाकघर असतं आणि ते कुणाच्या हिशोबात येत नाही. एक आठवडा नुसती नोंद ठेवा : सलग दीड तास, कुणी हाक न मारता, दिवसातून किती वेळा मिळतो? तीनदा मिळत नसेल तर अभ्यासिकेची महिन्याची फी क्लासच्या फीपेक्षा आधी भरा. आणि दर मॉकनंतर ‘किती आले?’ विचारणं महिनाभर बंद ठेवा. विचारायचंच तर वहीत म किती आणि चु किती, एवढं विचारा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

यातल्या काही गोष्टींना वरचा क्रम लागू नाही. त्या दिसल्या की त्याच दिवशी पाऊल उचला.

पेपर हातात आल्यावर छातीत धडधड, हात कापणं, येत असलेलंही पुसल्यासारखं होणं. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक उडालेली, कशातच मन नाही. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं बोलणं. ही अभ्यासाची अडचण नाही आणि वेळापत्रकाने ती सुटत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल तर मुलाला एकटं सोडू नका, त्या वर्षीची परीक्षा बाजूला ठेवा आणि लगेच जवळच्या रुग्णालयात न्या.

डोकेदुखी, ओळ चुकणं, ३ चा ८ वाचला जाणं हे वहीत वारंवार येत असेल तर डोळे तपासा. सतत थकवा असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. लहानपणापासून वाचनाचा वेग फारच कमी असेल तर वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर नियमानुसार तासाला २० मिनिटं जादा मिळतात, पण ते फॉर्म भरण्याआधी हातात हवं.

एखाद्या चॅप्टरची म खूण तीन वेळा अभ्यास करूनही जात नसेल तर एकट्याने झगडणं थांबवा आणि शिक्षक गाठा. नवी बॅच नको. वहीतले त्या चॅप्टरचे पंधरा प्रश्न घेऊन जा आणि तेवढ्यासाठी सहा-आठ तास मागा. प्रश्नांची यादी पाहून जो शिक्षक ‘आधी पूर्ण बॅचला ॲडमिशन घे’ म्हणेल, तो या कामाचा नाही.

तपासणी ९ : आणखी एक वर्ष?

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची कमाल अटही नाही, त्यामुळे ‘अजून एकदा’ म्हणणं सोपं असतं. ठरवायला वही वापरा. चु आणि वे कमी होत गेल्या आहेत, म उतरते आहे, पण परीक्षेपर्यंत वेळ अपुरा पडला, असं असेल तर आणखी वर्ष देण्यात अर्थ आहे. वरच्या दुरुस्त्या तीन महिने मनापासून करूनही पाच मॉकची सरासरी हलली नसेल तर नुसतं वर्ष वाढवून ती हलणार नाही. मग प्रवेश घ्या. बीएएमएस, बीएचएमएस आणि फिजिओथेरपीचे राज्य कोट्यातले प्रवेशही नीटच्याच गुणांवर सीईटी सेलमार्फत होतात, बी.फार्म सीईटीवर. कॉलेज निवडताना ते म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न यादीत आहे का ते बघा. फार्मसीची यादी अर्थातच वेगळी.

दोन्हींपैकी काहीही ठरलं तरी रिपीटरने जूनच्या आधी कागदपत्रांची फाइल उघडावी. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख असते, ती सहसा ३१ मार्चची, आणि गेल्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र यंदा संपलेलं असू शकतं. जात वैधता प्रमाणपत्र अजून निघालं नसेल तर अर्ज आजच करा. डोमिसाईल, गुणपत्रिका आणि नीटच्या अर्जातलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते पाहा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षराने असेल तर दुरुस्तीला आठवडे जातात, आणि प्रवेशाच्या फेऱ्या तेवढ्या थांबत नाहीत.